चढ कळता कामा नये

आमचे हे त्यांच्या छोट्या आगगाडीसाठी चढ बांधायला बसले, त्याला कारण डॉक्टर. म्हणजे चढ बांधा असं काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं की तीन आठवड्यांनी परत या, पुढच्या तपासण्या करू, तोवर नक्की काही बोलता येणार नाही. तीन आठवडे! मला कुणी तीन मिनिटं थांबा म्हटलं तरी अंगाची लाहीलाही होते. शिवणकाम करणारी बाई मी. माझा एक पाय कायम मशीनच्या पायडलवर, आणि मशीन बंद असलं तरी तो हलतच असतो. डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा हलत होता. ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला.

झालं होतं असं की वाचनालयातून घरी येताना हे रस्ता चुकले. वीस वर्षं ज्या रस्त्याने जातात-येतात, तो. चौकात पुस्तक काखेत धरून पाऊण तास उभे होते म्हणे. शेवटी कोपऱ्यावरच्या फळवाल्याने दुकान बायकोवर सोपवलं आणि ह्यांना हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं. "तुमचे साहेब सावलीवरून दिशा बघत होते," तो मला म्हणाला. चांगला माणूस. मी त्यालाच ओरडले, की मग लवकर का नाही आणलंस.

डॉक्टरांनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून रस्त्यांचे आणि गटारांचे नकाशे काढलेला माणूस! असं घड्याळ काढलं की डॉक्टर चष्मा वर करून बघत राहिले. मग त्यांनी तीन शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलले आणि पाच मिनिटांनी ते शब्द परत विचारले. ह्यांना एकच आला, 'खुर्ची'. तोही मला वाटतं आपण कशावर बसलोय हे बघून म्हणाले. मी हसले. मग एकदम हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या खोलीतून हाक आली.

ती खोली आमच्या मुलीची. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि महिन्याभरात तिथे ह्यांची गाडी घुसली. तीन भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीची टेबलं, त्यावर रूळ, खांब, सिग्नल, काड्यापेटीएवढी घरं. सगळं हाताने केलेलं, सगळं मापात. आणि वर, खिडकीच्या बाजूला, टेबलापासून बरोबर पंधरा सेंटिमीटर उंचीवर एक स्टेशन. डोंगरावरचं. त्याला बाकं होती, कंदील होते, सामान घेऊन उभे असलेले सात प्रवासी होते. फक्त तिथे जायला रूळ नव्हते. स्टेशन चार वर्षांपूर्वीच तयार झालं होतं आणि वर चढायचा रस्ता 'पुढे बघू' म्हणून राहिला होता. मी चार वर्षं ह्यांना चिडवत होते, की तुमच्या त्या प्रवाशांना कुणीतरी जेवायला तरी घाला.

"चढ बांधायचा," हे म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. आणि ऐक. हा जमला तर माझं डोकं शाबूत आहे. नाही जमला तर डॉक्टर म्हणतील ते खरं."

"डॉक्टर अजून काहीच म्हणालेले नाहीत."

"म्हणून तर."

असली पैज मला मुळीच आवडत नाही. पण ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. आमच्या घरी सहसा तसं होत नाही.

मग ह्यांनी मला चढ म्हणजे काय ते समजावलं. मला वाटायचं त्यात काय, फळी तिरकी ठेवली की झालं. तर नाही. शंभर सेंटिमीटर पुढे गेल्यावर गाडीने दोनच सेंटिमीटर वर जायचं, त्याहून जास्त नाही. नाहीतर इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात. खालचा रूळ तीन सेंटिमीटर उंचीच्या पट्टीवर होता, वरचं स्टेशन पंधरावर. म्हणजे तीन भिंती फिरून साडेसहा मीटरचा रस्ता, आणि त्याखाली दर अर्ध्या मीटरवर एक ठोकळा. बारा ठोकळे, प्रत्येक पुढचा मागच्याहून एक सेंटिमीटर उंच.

"आणि खरी गंमत दोन टोकांना आहे," हे म्हणाले. तेव्हा डोळे चमकत होते, ते मला अजून दिसतात. "सपाटावरून एकदम चढ सुरू झाला की गाडी अडखळते. वर पोचताना एकदम सपाट झालं की डबे सुटतात. म्हणून पहिल्या अर्ध्या मीटरला एक नाही, अर्धाच सेंटिमीटर चढायचं. शेवटच्यालाही अर्धाच. गाडीला चढ कळता कामा नये."

मला असला धीर कुठला? मी म्हटलं, सरळ उचलून ठेवा की वर. पण ह्यांनी ऐकलं नाही.

कापायचं काम माझं. आमच्या घरात जे काही कापायचं असतं ते मी कापते, भाजीपासून पुठ्ठ्यापर्यंत. थर्माकोलचा जाड तुकडा आणला, सुरी गरम केली आणि बसले. हे आकडे कागदावर लिहीनात. तोंडी सांगणार म्हणाले. मला समजलं, की हीसुद्धा परीक्षाच. हे खिडकीशी उभे राहून, डोळे मिटून एकेक आकडा सांगत होते आणि मी भराभर कापत होते. बाहेर मशीनवर हॉस्पिटलच्या नर्सबाईंचे चार पांढरे कोट पडले होते, ते संध्याकाळी द्यायचे होते. अर्ध्या तासात बारा ठोकळे हातावेगळे केले. ह्यांनी ते रांगेत मांडले, हिरव्या पोस्टर रंगाने दोनदा रंगवले, वर लाकडी पट्टी आणि तिच्यावर रूळ बसवले. वरच्या टोकाला गोणपाटाचा डोंगर होता, त्यातून बोगदा काढला. आठ दिवस हे सकाळी चहाच्या आधी त्या खोलीत. आठ दिवस काही विसरले नाहीत. किंवा विसरले असतील, पण मी मोजायचं सोडून दिलं होतं.

रविवारी गार्डसाहेब आले. हे ह्यांचे दोस्त, खऱ्या रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. गाडी छोटी असली तरी ते शिट्टी घेऊन येतात आणि दारात चपला काढल्यावर खिशातून रुमाल काढून त्याचा झेंडा करतात. साठी उलटली तरी माणसाचा पोरकटपणा जात नाही. मला आपलं बरं वाटतं ते आले की.

काळं इंजिन आणि मागे सहा डबे. गार्डसाहेबांनी शिट्टी दिली, ह्यांनी हळूच बटण फिरवलं.

सुरुवातीलाच, चढाच्या पायथ्याशी, इंजिन घुरघुरलं. चाकं दोनदा फिरली जागच्या जागी. ह्यांच्या कपाळाला आठी पडली. मग गाडी चढली. पहिली भिंत, दुसरी भिंत, तिसरी, इतकी सुरेख की मी पाय हलवायची विसरले. गाडी बोगद्यात शिरली. आणि पलीकडून बाहेर आलं ते इंजिन आणि एकच डबा.

बाकीचे पाच डबे बोगद्यात सुटले होते. ते अलीकडच्या तोंडातून उलटे बाहेर आले, आधी सावकाश, मग भरधाव, तीन भिंती फिरून खाली. पायथ्याशी शेवटचा डबा उडाला आणि फरशीवर पडला.

गार्डसाहेबांनी तो उचलला, फुंकर मारली. "गार्डाचा डबा शेवटचा असतो वहिनी," ते म्हणाले. "म्हणजे मी गेलो."

कुणी हसलं नाही. ह्यांनी परत लावली गाडी. परत तेच. पाच वेळा लावली, आणि एकदाही सहा डबे वर पोचले नाहीत.

मग ह्यांनी पाणसळ काढली, ती बुडबुड्याची. अर्ध्या मीटरची पट्टी घेऊन एकेक टप्पा तपासत गेले. पहिल्या ठोकळ्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी बरोबर एक सेंटिमीटरचा चढ. केसाचाही फरक नाही. फक्त दोन टोकं. खाली जिथे अर्धा सेंटिमीटर चढायचं तिथे दीड. आणि वर जिथे अर्धा चढायचं तिथे गाडी उलट अर्धा उतरत होती. बोगद्यात उंटाचं कुबड झालं होतं.

"सगळेच ठोकळे एक सेंटिमीटरने उंच झालेत," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मी साडेतीनपासून सुरुवात केली होती ना? की साडेचार म्हणालो?"

मला आठवेना. खरंच आठवेना. माझं लक्ष नर्सबाईंच्या कोटांवर होतं. पण 'आठवत नाही' म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी फणकाऱ्याने म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. माझं माप आजवर चुकलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तसं कापलं."

"हो," हे म्हणाले. "तुझा हात चुकत नाही."

एवढंच. पाणसळ पुसून डबीत ठेवली. मी म्हटलं, अहो, त्यात काय, एकेक सेंटिमीटर छाटून देते, अर्ध्या तासाचं काम. तर हे म्हणाले, "थर्माकोलचा प्रश्न नाहीये गं. मधलं गणित शाळेतलं पोरही करील. ती दोन टोकं माझ्या डोक्यातली होती, तीच चुकली." गार्डसाहेब रुमालाची घडी घालत बसले. एवढ्याशा रुमालाची किती वेळ घडी घालावी!

त्या दिवसापासून हे शहाण्यासारखे वागायला लागले आणि माझी झोप उडाली. चहात साखर कमी झाली तरी बोलेनात. मी म्हटलं हा शर्ट नको, तो घाला, तर तो घातला. मी म्हटलं वाचनालयात एकटं जायचं नाही, तर "बरं" म्हणाले. चाळीस वर्षांत ह्या माणसाने मला एकदाही 'बरं' म्हटलेलं नाही. दर गोष्टीला फाटे फोडायची सवय. आता मी भांडण उकरून काढायला बघत होते आणि समोरून 'तू म्हणशील तसं'. गाडीच्या खोलीचं दार बंद. एकदा मी पाहिलं तर कागदावर आकडे लिहीत होते, साडेतीन, साडेचार, साडेपाच, आणि खोडत होते. मला बघून कागद उशीखाली ढकलला.

आणि मी? मी घरभर फिरत होते. कपाटं लावली, ती पुन्हा लावली. खिडक्यांचे पडदे धुतले, ते वाळायच्या आत काढले आणि परत दोरीवर टाकले. मनात एकच घोळत होतं. हे साडेतीन म्हणाले की साडेचार? एकदा वाटायचं साडेतीन. एकदा वाटायचं, जाऊ दे, साडेचारच म्हणाले असतील. आजारी माणूस, चुकला असेल. हा दुसरा विचार मनात आला की मला माझीच चीड यायची. तपासण्यांना अजून आठ दिवस होते आणि मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळी होत होते. घाई तरी किती असावी माणसाला?

मंगळवारी नर्सबाई आणखी दोन कोटांचं कापड घेऊन आल्या. दुपारी गार्डसाहेब ह्यांना न्हाव्याकडे घेऊन गेले आणि मी कापड पसरलं. पाठीचं माप घेतलं, खडूने रेघ मारली, कात्री लावली.

कात्री रेघेवर नव्हती. रेघेच्या बाहेर सेंटिमीटरभर अंतर सोडून, सरळ, न चुकता चालली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती नेहमी तशीच चालते. शिलाईसाठी मार्जिन सोडावंच लागतं; जास्त राहिलं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर रडत बसायचं. मी पंधराव्या वर्षापासून हेच करते आहे. माझ्या हाताला दुसरं कापणं माहीतच नाही.

मी तशीच थांबले. अर्धी पाठ कापलेली, कात्री उघडी.

मग धावले. चष्मा कपाळावर, गळ्यात माप घ्यायची टेप, तशीच गाडीच्या खोलीत. पहिला ठोकळा रुळाखालून ओढून काढला आणि टेप लावली. साडेचार. साडेतीनमध्ये एक सेंटिमीटर मार्जिन मिळवलं की साडेचार. दुसरा, साडेपाच. तिसरा, साडेसहा. मी थर्माकोलला मार्जिन सोडलं होतं! आता कुणी सांगा, डोंगराला शिलाई कोण घालतं?

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने ओरडले, एकटीच. ह्यांचं डोकं शाबूत होतं. डोळे मिटून, तोंडी, बाराच्या बारा आकडे बरोबर सांगितले होते ह्यांनी. माती खाल्ली होती ती मी.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? ठोकळे तसेच ठेवले असते, नवऱ्याची वाट बघितली असती, त्याच्यासमोर माप लावून दाखवलं असतं. पण वाट बघणं जमलं असतं तर मी मी नसते. सुरी गरम केली आणि बाराही ठोकळे छाटले. कपचे केराच्या टोपलीत टाकले, टोपली बाहेरच्या मोठ्या डब्यात रिकामी करून आले. ठोकळे परत बसवले, रूळ दाबले, डबे पुसून रांगेत लावले. दारात चपलांचा आवाज आला तेव्हा मी घामाने निथळत होते आणि वाट बघत होते ती शाबासकीची.

"या इकडे!" मी म्हटलं. "आधी इकडे या. गार्डसाहेब, शिट्टी!"

हे दाराशी उभे. केस ताजे कापलेले, मानेवर पावडर. मीच बटण फिरवलं. पायथ्याशी इंजिन घुरघुरलं नाही. तीन भिंती. बोगदा. गार्डसाहेब श्वास रोखून. आणि पलीकडून इंजिन आणि एक, दोन, तीन, चार, पाच, सहा डबे बाहेर आले आणि स्टेशनात जाऊन उभे राहिले.

गार्डसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. हे हसले नाहीत. रुळाच्या अगदी जवळ डोळा नेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "किती चुकलं होतं माझं?"

"तुमचं नाही," मी म्हटलं. "माझं. मी मार्जिन सोडलं. तुम्ही साडेतीनच म्हणाला होतात. चूक माझी."

गार्डसाहेब हळूच स्टुलावर बसले. ह्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली, असं की जणू आजारी मी आहे.

"डॉक्टरांनी तुला फोन केला का?" हे म्हणाले.

"फोन? कसला फोन?"

"मला न सांगता काही कळवलंय का त्यांनी? खरं सांग. इतकं वाईट आहे का?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. चाळीस वर्षांत मी ह्या माणसासमोर एकदाही 'चूक माझी' म्हटलेलं नव्हतं. दूध उतू गेलं तर गॅस वाईट, गाडी चुकली तर घड्याळ वाईट, भांडण झालं तर सासरचं रक्त वाईट. आणि आज मी घामेजल्या तोंडाने, हसत हसत, चूक कबूल करत होते. ह्यांना दुसरं काय वाटणार? मरणाच्या दारात असलेल्या माणसाशीच कुणी असं गोड बोलतं.

"अहो, देवाशपथ खरं सांगतेय," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

ते 'बरं' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "बरं म्हणू नका!" मी किंचाळले. "एवढी वर्षं चूक नसताना माझी म्हणत होतात, आणि आज आहे तर ऐकून घ्यायची नाही? गार्डसाहेब, तुम्ही तरी सांगा!"

"वहिनी," गार्डसाहेब फार अदबीने म्हणाले, "मलाही जरा अवघडच जातंय."

पुरावा नव्हता. पुरावा मी स्वतःच्या हाताने छाटला होता आणि कपचे बाहेरच्या डब्यातून गेलेसुद्धा असतील. डोक्याला हात लावून मी खाली बसले. मला रडू येत होतं, आणि माझं रडणं बघून ह्यांची खात्रीच पटत चालली होती, म्हणून मी रडूही शकत नव्हते. असली कोंडी वैऱ्यावर येऊ नये. तपासण्यांना हा माणूस आता हरूनच जाणार, आणि हरवलं मी, घाईने.

हे माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. बराच वेळ त्या पहिल्या ठोकळ्याकडे बघत होते. मग त्यांच्या कपाळावर ती उभी रेघ उमटली, नकाशात खोट सापडली की उमटायची ती. ती मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"ऐक," हे म्हणाले. "कापड कापताना तू त्याच्यावर माप लिहितेस."

"लिहिते. नाहीतर कुठला तुकडा कुठला कळणार कसं?"

"ह्या ठोकळ्यांवर लिहिलं होतंस?"

"असेल. हाताला सवय आहे. मला कुठे आठवतंय!"

"तुला आठवत नाही," हे म्हणाले आणि पहिल्यांदा थोडंसं हसले. "कशाने लिहिलं असशील?"

"थर्माकोलवर खडू चालत नाही. पेनानेच."

"पेनाने. आणि रंग मी नंतर दिला. मी स्वतः. तो पाण्याने जातो."

हे उठले. पहिला ठोकळा रुळाखालून काढला आणि अंगठा ओला करून त्याची बाजू चोळायला लागले. हिरवं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. मी आणि गार्डसाहेब, दोघंही ह्यांच्या खांद्यावरून वाकलो. आधी एक निळा ठिपका दिसला. मग माझं वाकडं अक्षर. तीन, आणि पुढे अर्धा.

ह्यांनी हात शर्टाला पुसला. दुसरा ठोकळा काढला, चोळला. साडेचार. तिसरा. साडेपाच. बाराही काढले आणि बाराही धुतले, घाई न करता, एकेक, आणि मी शेजारी उभी राहून, एकाही शब्दाने मध्ये न बोलता, ते बघितलं. गार्डसाहेबांनी रुमाल काढला आणि झेंडा न करता नाक पुसलं.

शेवटच्या ठोकळ्यावर साडेचौदा होतं. हे तो हातात धरून उभे राहिले. हिरव्या रंगाने शर्ट भरला होता, मी सांगितलेला, नवा.

"मी बरोबर सांगितलं होतं," हे म्हणाले.

"हो."

"पुढच्या मंगळवारी ते काय सांगतील ते सांगतील. पण हे मी बरोबर सांगितलं होतं."

"बाराच्या बारा," मी म्हटलं.

"मग आता परत म्हण."

"काय म्हणू?"

"मघाशी म्हणालीस ते. मघाशी मी नीट ऐकलं नाही."

गार्डसाहेब होते समोर. मला लाज वाटली, रागही आला. "चूक माझी," मी म्हटलं.

हे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, ओल्या हिरव्या हातांनी डोळे पुसले आणि तोंड रंगवून घेतलं. "आता बाकी सगळं विसरलो तरी चालेल," हे म्हणाले. "हे तेवढं विसरायला नको."

"विसरलात तर विचारा," मी म्हटलं. "रोज विचारलंत तर रोज सांगेन."